थंडीत टप दुमडायचा नसतो

ती. फुसाकोताईस,

धाकट्या किनुएचा कमरेतून वाकून नमस्कार. (मानेतून नाही. मान सध्या ताठ आहे आणि काही दिवस ताठच राहील असं दिसतंय.)

गुडघे कसे आहेत? तिकडे तुमच्या कोजिमा गावाला थंडी पडली असेल. जिना चढताना कठडा धरत जा, आणि भावोजींना सांग की कठडा धरणं ही म्हातारपणाची खूण नाही, अकलेची खूण आहे. आमच्याकडे संत्र्यांची तोडणी संपत आली. यंदा फळ लहान आहे, पण गोड आहे. एक खोकं वेगळं पाठवलं आहे. पोचलं की कळव, म्हणजे निदान संत्र्यांबद्दल तरी तू एखादं बरं वाक्य लिहिलंस असं होईल.

तुझं चार पानी पत्र गुरुवारी मिळालं. त्यात माझ्या प्रकृतीची चौकशी दीड ओळ आहे आणि उरलेल्या जागेत माझी अक्कल काढली आहेस. मिएकोने फोनवर तुला सांगितलं, की संत्र्याच्या जत्रेची मिरवणूक मी पाऊण तास अडवून धरली, खुद्द नगराध्यक्षांना पायी चालायला लावलं, आणि हे सगळं गाडीच्या एका फडक्यापायी. मिएको आपली मावसबहीण असली तरी त्या दिवशी ती बंदरावर तळलेल्या माशांच्या रांगेत उभी होती, हे लक्षात घे. तरी तिचं सगळं खरं आहे. मिरवणूक मीच अडवली. नगराध्यक्ष चालले. एक शब्द मात्र मी खपवून घेणार नाही, तो म्हणजे फडकं. ताई, गाडीवरचा हा दुमडता कापडी टप तू स्वतः शिवला आहेस. एक्क्याण्णव साली, ताडपत्रीच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून, बोटीच्या शिडाला घालतात तशी दुहेरी शिवण घालून. स्वतःच्या हातच्या कामाला फडकं म्हणताना तुझी जीभ कशी रेटली ते तुलाच माहीत.

तुझ्या पत्राचा शेवट असा आहे, की गाडी चव्वेचाळीस वर्षांची, मी एकोणसत्तर वर्षांची, नवऱ्याचा, म्हणजे सेइजींचा, डावा हात गेलेला, तेव्हा टप फाटायच्या आत गाडी विकून टाक. आधी काय घडलं ते नीट वाच, मग माझं उत्तर वाच. (उत्तर 'नाही' असं आहे. घाई असेल तर इथेच थांबलीस तरी चालेल.)

मार्चमध्ये सेइजींना झटका आला तेव्हा तू इस्पितळात येऊन गेलीस. त्यानंतरचं तुला मी फारसं लिहिलं नाही. डावा हात तसाच लोंबता राहिला, आणि बोलताना जीभ जड झाली. 'च' म्हणायला गेले की 'त' येतो, 'ड' म्हणायला गेले की 'द'. माणूस आयुष्यभर बोटीच्या इंजिनाच्या खडखडाटात ओरडून बोललेला, त्याला आता स्वतःचा आवाज ऐकायला नको झाला. आठ महिने ते घराबाहेर पडले नाहीत. कोणी भेटायला आलं की वरच्या खोलीत जाऊन बसायचे आणि मला खालून खोटं सांगावं लागायचं, की आत्ताच डोळा लागला. केस कापायला न्हाव्याकडेही जाईनात, मीच कापले. (सुईणीचं काम तीस वर्षं केलेल्या बाईला कात्री नवी नाही, पण नाळ कापणं वेगळं आणि केस कापणं वेगळं, हे मला त्यांचं डोकं बघून कळलं.)

आणि टप मार्चपासून उघडला नव्हता. तो दोघांनी मिळून दुमडायचा असतो. उजवीकडे मी आणि डावीकडे ते, असं अडतीस वर्षं चाललं. एकट्याने ओढलं की एक बाजू पुढे जाते, एक मागे राहते, लोखंडी सांगाड्याच्या कैचीत कापड सापडतं आणि फाटतं. टप फाटतात ते बहुतेक असेच. मांजरांच्या नखांना उगाच नावं ठेवतात. (मांजरंही फाडतात. शेजारच्या नागासेसानांच्या मांजरीला मी व्हिनेगर शिंपडून शिंपडून असं वळण लावलं आहे, की ती आता लोणच्याच्या बरणीलाही वळसा घालून जाते.) बाकी सेइजींचे नियम तुला पाठ आहेत. ओला टप दुमडायचा नाही, आत बुरशी धरते आणि शिवण कुजते. मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन आधी उघडायची, खिडकी सपाट निजवायची, तिच्यावर जुना पंचा घालायचा, मग घडी. सांगाड्याच्या सांध्यांना तेल, पण कापडाला तेलाचा थेंब लागता कामा नये. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की थंडीत टप दुमडायचा नाही. थंडीने व्हिनाईल ताठरतं. ताठरलेलं वाकवलं की घडीवर तडकतं, आणि तडकलेलं पुढच्या खेपेला उसवत जातं.

ऑक्टोबरात नगरपालिका कचेरीतला कुसाका आला. दरवर्षी नगराध्यक्ष अग्निशमन दलाच्या उघड्या गाडीतून हात हलवत जातात, पण यंदा ती गाडी बंद पडली. तेव्हा गावातली दुसरी उघडी गाडी म्हणजे आमची. कुसाका कोण, तर डोंगरापलीकडच्या वाडीतला तो पायाळू मुलगा. शहात्तर साली याच गाडीतून मी गेले होते, आणि साहेब पाय पुढे करून आले होते. आता छत्तीस वर्षांचा आहे, दंडावर पट्टी बांधतो, गळ्यात घड्याळ लटकवतो, तरी अजून प्रत्येक गोष्टीत उलट्या बाजूनेच शिरतो. मी म्हटलं, गाडी देते, पण चालवणार मी आणि टपाला हात लावणार मी. त्याने ते वहीत लिहून घेतलं. (लिहून घेणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. लिहिलं की त्यांचं काम संपतं.)

मी का हो म्हटलं, हे तू विचारशील. मला वाटलं, गाडी न्यायची म्हटली की सेइजी तरी खाली उतरतील. नाही उतरले. वरूनच म्हणाले, "दावी बादू नागासेला दे." मग नागासेसानांना घेऊन मी तीन दिवस चादरीवर सराव केला. निवृत्त मुख्याध्यापक आहेत. कुठलीही वस्तू ते बक्षीस देत असल्यासारखी दोन्ही हातांनी पुढे करतात आणि मग वाकतात. टप दुमडताना मध्येच वाकून चालत नाही, हे त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला.

आदल्या दिवशी दुपारी उन्हात टप खाली घेऊन ठेवायचा असा बेत होता, तर दुपारपर्यंत पाऊस, तोही छपरीत आत येणारा. ओला टप दुमडायचा नाही. पुसला, वाळवला, तोवर ऊन गेलं. म्हणजे सकाळी करायचं. आणि रविवारी सकाळी उठून बघते तर संत्र्याच्या पानांवर हिव पडलेलं, आणि गाडीच्या छपरीतला तापमापक दोनवर.

आठ वाजल्यापासून आमच्या दारासमोर देवळाच्या पायऱ्यांपाशी मिरवणूक जमायला लागली. प्राथमिक शाळेचं ढोलपथक, बायकांचं नाचाचं मंडळ, संत्र्याच्या वेषातला एक माणूस (आत कोण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही), आणि लाल पट्टा घातलेले नगराध्यक्ष. ते बाहेरगावचे आहेत, दोन वर्षांपूर्वी आले, स्वभावाने गरीब. नऊला निघायचं होतं. पावणेनऊला कुसाका आला.

"आजी, टप खाली घ्या आता."

"गरम झाला की घेते."

"गरम? तो काय भात आहे का?"

"तुला पायांकडून ओढताना मी घाई केली असती, तर आज हे विचारायला तू इथे नसतास."

लोक हसले, तो लाल झाला, आणि मी कामाला लागले. घरातल्या गरम पाण्याच्या तिन्ही पिशव्या टपावर मांडल्या. वरून पायाशी घ्यायची जाड रजाई घातली. रजाई पुरेना. नागासेसानांनी त्यांची आणली, तीही दोन्ही हातांनी, वाकून. समोरच्या हमामवाल्या बाईने तिच्या न्हाणीतल्या कढत पाण्याने आणखी पाच पिशव्या भरून पाठवल्या. नऊ वाजले. टपाला हात लावून पाहिला, अजून ताठ. नगराध्यक्ष जवळ येऊन हळूच म्हणाले, "माझी काही मदत होईल का?" मी म्हटलं, "खिशात काय धरलंय?" त्यांच्या खिशात हात शेकायची गरम पुडी होती. ती घेतली. मग माझ्या लक्षात आलं, की ढोलपथकातल्या प्रत्येक पोराच्या खिशात आईने अशी एक पुडी घातलेली असणार. होतीच. बेचाळीस पुड्या निघाल्या. त्या मी टपाच्या घडीच्या रेषेवर ओळीने मांडल्या. पोरं गार हातांनी ढोल वाजवायला लागली, म्हणजे तेवढीच त्यांनाही ऊब. मिएको म्हणाली असेल की मी लेकरांना लुबाडलं. पुड्या मी सगळ्यांना परत दिल्या. एक जास्तच निघाली.

सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. बंदरावरून कुसाकाला फोनवर फोन. तिकडे बँडवाले उभे, तळलेले मासे गार होतायत. तो माझ्याभोवती घड्याळ धरून फिरत होता. मी पिशव्यांसाठी शेवटचं आधण आणायला आत गेले, चुलीपाशी जेमतेम दोन मिनिटं असेन, तेवढ्यात या पायाळूने रजाया बाजूला केल्या, पुढच्या दोन्ही कड्या काढल्या, नागासेसानांना "धरा हो सर" म्हणाला आणि टप उचलला. मागच्या खिडकीची चेन बंद. पंचा नाही. प्लॅस्टिक अजून काचेसारखं ताठ. आणखी वीतभर मागे गेला असता तर संपलंच होतं.

आणि ताई, वरून आवाज आला. "तेन! तेन!"

मी किटली घेऊन पळत बाहेर आले. जिन्यावरून धडधड आवाज. सेइजी घरातल्या सपाता घालून, कापूस भरलेल्या जाड कोटाची एक बाही रिकामी लोंबत, डोक्यावर मी कापलेले ते केस, असे सगळ्या गावासमोर अंगणात उभे. दीडशे माणसं तरी असतील. ढोल थांबले.

कुसाका म्हणाला, "काय म्हणताय आजोबा?"

"तेन! मागती तेन!"

"मला कळत नाहीये हो."

आठ महिने याच प्रसंगाच्या भीतीने हा माणूस घरात बसला होता. मला वाटलं, आता मान खाली घालून परत फिरतील. मी पुढे होऊन सांगणार होते. तर त्यांनी मला कोपराने बाजूला केलं, कुसाकाच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि इंजिनाच्या खोलीत ओरडायचे तसे ओरडले, "खिदतीती तेन उघद, गाधवा!"

गाढवाला 'ढ' लागतो तो काही आला नाही, पण कुसाकाला आता पूर्ण कळलं. त्याने टप अलगद होता तिथे ठेवला आणि चेन उघडली. कोणी हसलं नाही. हमामवाली बाई तेवढी म्हणाली, "सेइजीसान, पंचा कुठला घालू?"

त्यांनी टपाला पालथा हात लावून पाहिला, आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो तसा. म्हणाले, "दहा मिनितं." म्हणजे पुन्हा रजाया, पुन्हा पिशव्या, आणि नगराध्यक्षांसकट सगळं गाव वाट बघत उभं. कुसाकाने घड्याळ खिशात घातलं. ती शेवटची दहा मिनिटं मिएकोच्या हिशेबात माझ्या नावावर आहेत. ती माझी नाहीत, पण असू देत.

मग घडी. मी सवयीने उजवीकडे गेले, तर तिथे हे उभे. म्हणे उजवी बाजू माझी. मला आधी राग आला, मग लक्षात आलं. मागे तोंड करून घडी घालताना डावीकडच्या माणसाला डाव्या हाताने सांगाडा धरावा लागतो, उजवीकडच्याला उजव्या. त्यांच्याकडे उजवाच आहे. अडतीस वर्षं मी डाव्या बाजूला कधी उभीच राहिले नव्हते, आणि अडतीस वर्षं जे काही चुकलं ते डावीकडून चुकलं असं मी म्हणत आले. ताई, डावीकडे उभं राहिल्यावर कळतं की तिथे काहीच दिसत नाही! त्या बाजूची कैची पार आत असते, कापड वर येतं, आपल्याला नुसतं अंदाजाने बोट घालून बाहेर काढावं लागतं. हा माणूस इतकी वर्षं आंधळेपणाने ते करत होता आणि वर माझी बोलणी खात होता. आता बोलणी मी खाल्ली. गावासमोर. "तापद बाहेर ताध! बाहेर! दोळे तुथे आहेत?" मी म्हटलं, "डोळे आहेत, पण डोळ्यांसमोर तुमचं लोखंड आहे." ते म्हणाले, "तेत मी अदतीस वर्षं सांगत होतो!" नाचाच्या मंडळातल्या बायका पोट धरून हसल्या. तेही ओठाच्या एका कोपऱ्यातून हसले. दुसरा कोपरा अजून हलत नाही.

टप बसला. एक धागा तुटला नाही, एक तडा गेला नाही. घडीवरच्या आवरणाची शेवटची टिचबटणं लावताना त्यांचे पाय थरथरायला लागले. गाडीचं डावं दार उघडं होतं. ते सरळ आत जाऊन बसले.

ती जागा नगराध्यक्षांची. दोनच जागा आहेत, एक माझी. कुसाका पुढे झाला, "आजोबा, ही जागा जरा..." सेइजींनी समोर बघत सांगितलं, "बसलो."

ताई, मी त्यांना उठवू शकले असते. माझं त्यांनी ऐकलं असतं. तू म्हणतेस, निदान मोठ्या माणसाचा मान राखायला हवा होतास. मी त्या क्षणी काय केलं ते कबूल करते. मी शेजारी बसले आणि गाडी सुरू केली. नगराध्यक्षांनी सेइजींच्या सपातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी चालतो. थंडीत चाललेलं बरं." आणि बंदरापर्यंत दीड मैल, लाल पट्टा घालून, ते आमच्या धुरामागून चालले.

सेइजी हात हलवत होते, वाहतूक पोलिसासारखा, उजवा. शेजारच्या गावची माणसं नगराध्यक्ष समजून त्यांना वाकून नमस्कार करत होती. आपल्या गावची ओरडत होती, "सेइजीसान! कुठे होतात इतके दिवस?" आणि ते प्रत्येकाला उत्तर देत होते. प्रत्येकाला. 'च' चा 'त' करून, 'क' चा 'त' करून, मोठ्याने. न्हावी त्याच्या दुकानाबाहेर उभा होता, तो त्यांचं डोकं बघून किंचाळला, "हे कोणी केलं?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. वळणावर मला समोरचं नीट दिसेना म्हणून मी गाडी थोडी हळू घेतली. डोळ्यांत वारा जातो, उघड्या गाडीत असं होतं.

तर असं घडलं. गाडी मी विकणार नाही. मिरवणूक अडवल्याचा मला पश्चात्ताप नाही, आणि पुढच्या वर्षी हिव पडलं तर पुन्हा अडवीन, मग पालखीत साक्षात देव बसलेला असो. टपाची काळजी घेते म्हणून गाव मला हसतं, तू हसतेस, खुशाल हसा. जी वस्तू एकट्याने हाताळली की फाटते, ती वस्तू घरात असावी असं माझं मत झालं आहे. भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना शेक देत जा. कसा द्यायचा ते आता माझ्याकडून शिकायला हरकत नाही.

तुझी, तुझं न ऐकणारी,
किनुए

ता. क. – नगराध्यक्षांच्या टाचेला फोड आला. मी स्वतः जाऊन मलमपट्टी केली. ते म्हणाले, खुर्चीवर बसल्यापासून गावातल्या लोकांनी आपल्याशी इतक्या गप्पा पहिल्यांदाच मारल्या, कारण पायी चालणारा माणूस हाताशी सापडतो. मिएकोला हे जरूर कळव.

आणखी एक ता. क. – वर मी लिहिलं की एक धागा तुटला नाही. ते दुपारी दोनपर्यंत खरं होतं. घरी आलो, छान ऊन होतं, कापड लोण्यासारखं मऊ, चेन, पंचा, सगळं यथास्थित. टप वर चढवताना डावीकडून मी जरा जास्तच वाकले, आणि माझ्या छातीवर जत्रेचं कागदी फूल होतं, त्याची टाचणी. चर्र. चार बोटं लांब. कुसाकाला गाढव म्हणून झालं होतं, त्यामुळे मला म्हणायला सेइजींकडे शब्द उरला नव्हता. ते गाडीला टेकून हसत राहिले. पाणी प्यायला दिलं, तर ते नाकातून आलं. अजून मध्येच आठवतं आणि हसतात. हे तुला पत्रात वर लिहिलं नाही, कारण वर मी भांडत होते.

शेवटचं ता. क., आणि पत्र खरं यासाठी – इथला दुकानदार म्हणतो की नवा टप घाला. त्याला मी हाकलून दिलं. आतून ठिगळ लावून कडेने शिवायला हवं, वाकड्या सुईने, मेणाच्या दोऱ्याने, आणि ते काम या जगात एकाच बाईला येतं. ती मला पत्रातून शिव्या घालते. येशील का? आठ दिवसांसाठी ये. भावोजींचं जेवणाचं मी बघते, त्यांनाही आण, नाहीतर मिएकोकडे ठेव. सेइजी म्हणतात, ताईने शिवताना दिवा मी धरीन. बुधवारी सकाळी अकरा-वीसच्या बोटीने ये, मी गाडी घेऊन धक्क्यावर उभी असेन. फाटलेलं कापड ताणलं की आणखी फाटत जातं, म्हणून टप खालीच ठेवला आहे. डोक्याला जाड रुमाल बांध. आणि पाऊस असला तर छत्री तुलाच धरावी लागेल, माझ्याही डोक्यावर. मी गाडी चालवत असेन.